सहाव्या प्रकरणातलं रडणं

विश्रामगृहाचं जेवणाचं टेबल सदाशिवरावांनी चैत्रात ताब्यात घेतलं, आणि तेव्हापासून जज्जसाहेब व्हरांड्यात मांडीवर ताट घेऊन जेवत होते. टेबलावर अहवाल होता. म्हणजे तो अजून लिहायचा होता. मांडून ठेवली होती ती त्याची प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाच्या जबान्यांचा एक गठ्ठा, आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर वाघाडी नदीतून आणलेला एक गोटा. खानसामा देवीलाल रोज विचारायचा, "नाझरसाहेब, या गोट्यायचं लोणचं घालता का?"

सदाशिवराव मान वर न करता पुढचा गठ्ठा बांधत. उभा जन्म कोर्टाच्या कागदांत काढून ते नाझर म्हणून निवृत्त झाले होते, आणि आता चौकशीचे चिटणीस होते. अहवालाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. आधी खोल्या पाडून घ्याव्यात. पुरावा मग पाहुण्यासारखा येतो आणि दाखवाल त्या खोलीत बसतो.

चौकशी होती धरमसिंग राठोडांच्या खुनाची. धरमसिंग पंचायत समितीचे सभापती. मार्गशीर्षात ते ढाणकीकडे, आपल्या जन्माच्या तांड्यावर सभेला गेले, बोलायला उभे राहिले, आणि गर्दीतून गोळी आली. मारणारा पळताना विहिरीत पडला आणि मेला. तो ना तिथला, ना कोणाच्या ओळखीचा. विचारण्यासारखं कोणी उरलं नाही, तेव्हा सरकारनं विचारायला नागपूरचे निवृत्त जज्ज विठ्ठलराव यांना नेमलं.

जज्जसाहेबांनी शेकडो माणसांना विचारलं. वैर होतं का? होतं, पण खुनाइतकं नाही. पैसा कोणी पुरवला? आढळत नाही. बंदोबस्तात कसूर? सांगता येत नाही. गठ्ठ्यामागून गठ्ठा 'नाही'च म्हणत होता. एवढे महिने सरकारी खर्चानं कोंबडी खाऊन शेवटी 'काही आढळले नाही' असं लिहायचं, याची जज्जसाहेबांना आतून शरम वाटत होती. ते भले गृहस्थ होते. भल्या माणसाला रिकाम्या हातानं परत जाणं जड जातं.

म्हणून सहाव्या प्रकरणावर त्यांचा जीव. ते शोधलं सदाशिवरावांनी. बोरखेड चौकीच्या जमादाराच्या जबानीत एक वाक्य होतं : 'सभेपूर्वी मयताची बहीण व इतर बाया मयताच्या गळ्यात पडून मोठ्याने आक्रोश करीत होत्या.' गोळी नंतर, आक्रोश आधी. सदाशिवरावांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि प्रकरणाला नाव दिलं : 'तांड्यास असलेली पूर्वकल्पना'. सगळ्या अहवालात 'आहे' म्हणणारं हे एकच प्रकरण. अहवालाची ही आखणी मुंबईला सरकारकडे गुपचूप गेली होती, त्यामुळे तांड्यात कोणाला याचा वास नव्हता. तिकडे पोलिसांच्या एका शब्दावर अख्खा तांडा गुन्हेगार ठरून त्याची रोज हजेरी लागायची, ते दिवस पाहिलेली माणसं अजून जिवंत होती. हे सदाशिवरावांनाही ठाऊक होतं. पण तो विचार कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा ते त्यांना सुचलं नव्हतं.

बहिणीची जबानी तेवढी पक्की करायची राहिली होती. सुखीबाई सकाळच्या एस.टी.नं आली, सोबत तांड्याचा म्हातारा नाईक लखीराम. अंगात कवड्या-आरशांची कांचळी, दंडापर्यंत बांगड्या, आणि चेहरा असा की समोरच्या माणसानं आपोआप सरळ बसावं. सदाशिवरावांनी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि तिची जबानी वाचली.

"भाऊ आल्यावर तुम्ही गळ्यात पडून रडलात. खरं?"

"खरं."

"मोठ्यानं?"

"हळू कायले रडू? परका होता का तो?"

सदाशिवरावांनी ते 'होय' असं उतरवून घेतलं. शाई आणायला ते उठले, एवढ्यात फाटकातून एक तरणी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आत आली. ही जमनी, सुखीबाईची भाची, जवळच्या लोहारा गावी दिलेली. मावशी येणार म्हणून कळलं, भाकरी घेऊन आली. तिला पाहताच सुखीबाई खुर्चीवरून उठली, व्हरांड्याच्या पायरीवर तिनं भाचीच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघींनी असा हंबरडा फोडला की बाभळीवरचे कावळे उडाले.

देवीलालनं स्वयंपाकघरातून धावत येऊन डोक्यावरची टोपी काढली. जज्जसाहेब अर्धी दाढी साबणाची, अर्धी कोरी, अशा अवस्थेत बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. त्या रडण्याला चाल होती, शब्दही होते. एकीनं ओढावं, दुसरीनं उचलावं. लखीराम मात्र खांबाला टेकून तंबाखू मळत होता.

सदाशिवरावांनी त्याला हळूच विचारलं, "कोन गेलं, नाईक?"

"कोनी नाही."

"मग?"

"भेटून राह्यल्या."

तेवढ्यात दोघी थांबल्या. पदरानं डोळे पुसले, एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि सुखीबाई देवीलालला म्हणाली, "भाऊ, टोपी घाल न डोक्यात, ऊन हाय. च्या भेटन का?"

सदाशिवराव खुर्चीत बसले. तांड्यावरच्या बाया बाजारात अशा रडताना त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या. कोणाचं तरी गेलं असेल म्हणून दर वेळी सभ्यपणे मान खाली घालून ते पुढे गेले होते.

"पन त्यात बोलत काय होत्या?" त्यांनी विचारलं.

लखीरामनं चिमूट तोंडात टाकली. "साऱ्या वर्साचं सांगा लागते. गाय व्याली, धनीबाईच्या घरी नातू झाला, तू आली नाही, मी वाट पाह्यली. आमच्यात माहेरचं मानूस भेटलं का असंच. कोरड्या डोळ्यानं भेटलं त काय भेटलं?"

"हे तुमी कमिशनला काहून नाही सांगतलं?"

"तुमी पुसलं, रडली का? म्हटलं, रडली. कायले रडली, हे कोनी पुसलंच नाही. आमाले वाटलं, साहेब लोकायले मालूम असन."

जज्जसाहेबांनी तोंड पुसलं आणि सुखीबाईच्या समोर येऊन बसले. मऊ आवाजात म्हणाले, "बाई, त्या दिवशी भावाला काय सांगितलंत?"

सुखीबाईनं बशीतला चहा खाली ठेवला. "सांगतलं, भिया, तू सभापती झाला अन् घरची वाट विसरला. तुहा धाकला भाचा गेला, तू मातीले नाही आला. भांडली त्याच्याशी. रडताना भांडता येते आमच्यात. मंग म्हटलं, जेवून जाय. तो म्हणे, सभा झाल्यावर जेवतो."

 आत पंखा फिरत होता. मग लखीरामच म्हणाला, "तो नाही जेवला. जमादार जेवला. माह्याच घरी. गोळी वाजली तवा त्याच्या हातात घास होता."

सदाशिवरावांची नजर आपोआप दारातून आतल्या टेबलावरच्या चौथ्या गठ्ठ्याकडे गेली. बंदोबस्त. 'सांगता येत नाही.' आता सांगता येत होतं. आक्रोशाचं वाक्य लिहून देणारा माणूस स्वतः कुठे होता, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तांड्याकडे बोट करणाऱ्याच्या हाताला तांड्यातलंच कालवण लागलेलं होतं.

जज्जसाहेब आत गेले आणि टेबलापाशी उभे राहिले. सदाशिवराव मागोमाग.

"आखणी मुंबईला गेली आहे, सदाशिवराव."

"नवी पाठवता येईल, साहेब."

"सहावं प्रकरण तुमचं होतं. चांगलं होतं." जज्जसाहेबांचा आवाज तेराव्याला आलेल्या माणसासारखा होता. "ते गेलं तर अहवालात 'आहे' असं काय राहिलं? जमादार जेवत होता, एवढंच?"

"एवढंच खरं आहे, साहेब." हे म्हणताना सदाशिवरावांना आत कुठेतरी दुखलं. महिनाभर ते प्रकरण त्यांनी नव्या जावयासारखं मिरवलं होतं. त्यांनी सहाव्या गठ्ठ्यावरचा गोटा उचलला. हातात तो वाटला होता त्यापेक्षा हलका लागला.

बाहेर येऊन ते सुखीबाईला म्हणाले, "बाई, काळजी नोका करू. तुमचं रडनं आमी काढून टाकतो. तांड्याले तरास होनार नाही."

सुखीबाई उभी राहिली. "काहून काढता?"

"बाई, तुमच्याच भल्यासाठी."

"भाऊ दोन वर्सानं दारात आला, अन् बहीन रडली नाही, असं सरकारच्या कागदात लिहान? मले तांड्यात तोंड दाखवाले जागा ठेवता का नाही? तो गेला आता. त्याले मी भेटली, हे तरी राहू द्या न."

लखीरामनं मान हलवली. "बराबर हाय तिचं. पन नाझरसाहेब, ते कुठं लिहान ते पाहा. बाई तेच, रडनंही तेच. वात चुलीत टाकली त जळते, देवळीत ठेवली त उजेड पडते."

सदाशिवराव पुन्हा आत गेले. पहिला गठ्ठा सर्वांत पातळ होता : 'मयताचा परिचय'. एक कागद. जन्म, शिक्षण, निवडून आल्याची तारीख. त्या कागदावरून धरमसिंगला रस्त्यात कोणी ओळखलं नसतं. सदाशिवरावांनी सुखीबाईची जबानी त्याच्याखाली सरकवली.

"पहिल्या प्रकरणात रडणं?" जज्जसाहेब म्हणाले.

"साहेब, कोणाला मारलं ते आपण अजून लिहिलेलंच नाही."

 जज्जसाहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाईंना आत बोलवा. वाचून दाखवू."

सदाशिवरावांनी वाक्य उभ्या उभ्याच तयार केलं आणि वाचलं : 'मयत दोन वर्षांनी तांड्यावर आले असता त्यांच्या भगिनी सुखीबाई यांनी समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या गळ्यात पडून रुदन केले.'

सुखीबाईनं लखीरामकडून अर्थ समजून घेतला. "रिवाज हायेच," ती म्हणाली. "पन मी खरी रडली. तेही लिवा."

सदाशिवरावांनी जज्जसाहेबांकडे पाहिलं. अशा गोष्टीला पुरावा मागायची दोघांनाही सवय होती. जज्जसाहेबांनी मान डोलावली. सदाशिवरावांनी 'रिवाजाप्रमाणे' नंतर 'व मनापासून' घातलं, आणि सुखीबाईनं अंगठा उठवला.

दुपारची एस.टी. धरायला ती दोघं निघाली. जमनी त्यांना पोचवायला. सहाव्या गठ्ठ्याचा जमादारी कागद चौथ्यात गेला, गोटा खिडकीत. देवीलालनं रिकामी झालेली जागा पाहिली, काही न विचारता फडक्यानं पुसली, आणि चैत्रानंतर पहिल्यांदा जज्जसाहेबांचं ताट टेबलावर आणून ठेवलं.

"जेवून घ्या साहेब," तो म्हणाला. "अहवाल मंग."

जज्जसाहेबांनी घास हातात घेतला, आणि तोंडाकडे नेण्याआधी क्षणभर तसाच धरून ठेवला.