जाळीमागून आलेला आवाज

डॉर्कस मावशीचे यजमान, म्हणजे आमचे जोसाया काका, इंग्लंडातल्या लँकशर परगण्यातून पार्लमेंटात निवडून गेले होते. गावच्या नदीत रंगाचे कारखाने वाटेल ते सोडत. त्यावर काका सभागृहात पहिल्यांदा बोलणार होते. घरी त्यांनी ते भाषण इतक्यांदा म्हटलं, की मावशीला तोंडपाठ झालं.

त्या दिवशी मावशी मला घेऊन लंडनला गेली. त्या काळी सभागृहात पुरुष पाहुण्यांना मोकळा सज्जा असे; आम्हा बायकांचा सज्जा सभापतींच्या डोक्यावर, पितळी जाळीआड. आत अंधार, उकाडा, आणि बोलायची बंदी.

"काय दिसतंय गं मावशी?"

"टोप्याच टोप्या. एक जण तर चक्क घोरतोय!"

"शू!" पिसांची टोपी घातलेल्या शेजारच्या बाईंनी डोळे वटारले.

तेवढ्यात काका उठले. सुरुवात झकास झाली. मग म्हणाले, "सभापतिमहोदय, माझ्या लहानपणी त्या नदीत..." आणि थांबले. "माझ्या लहानपणी..." पुन्हा थांबले.

"लहानपण संपलं की नाही अजून?" समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. काकांचे कान लालबुंद झाले.

"मासे," मावशी पुटपुटली. "मासे म्हणा की!" तिला राहवेना. जाळी गच्च धरून ती ओरडली, "अहो! मासे!"

सगळ्या माना वर वळल्या. समोरचे एक किडकिडीत सभासद ताडकन उठले. "सभापतिमहोदय, बायकांच्या सज्जातून आवाज आला! हे नियमाला सोडून आहे!"

सभापती शांतपणे म्हणाले, "नियमाप्रमाणे तो सज्जा या सभागृहात मोडतच नाही. तिथे कोणी आहे, हे मला ठाऊक नाही. मग आवाज कसा यायचा?"

छत हादरेल असा हशा झाला. तेवढ्यात काकांना धीर आला. "माझ्या लहानपणी त्या नदीत मासे होते," ते म्हणाले, आणि मग त्यांची गाडी अशी सुटली, की घोरणारा गृहस्थसुद्धा जागा होऊन ऐकू लागला.

इकडे दारवान आला. "बाई, बाहेर चला."

"कोणाला बाहेर काढतोस?" पिसांच्या टोपीवाल्या बाई कडाडल्या. "आत्ताच सभापती काय म्हणाले? इथे कोणी नाहीच!"

दारवान हसू दाबत निघून गेला. बाईंनी मावशीला आपला पंखा दिला.

भाषण संपल्यावर पार्लमेंटच्याच नदीकाठच्या गच्चीवर काकांनी आम्हाला चहा आणि स्ट्रॉबेरीसाठी नेलं. चेहरा गंभीर होता. मावशी खाली मान घालून बसली.

"रागावलात?"

"रागावू? अगं, तू नसतीस तर मी अजून तिथेच उभा असतो!"

एवढ्यात ते किडकिडीत सभासद टोपी काढून समोर आले. "बाईसाहेब, मंगळवारी माझं भाषण आहे. मीही मधेच विसरतो. तुम्ही याल का?"

"तुम्ही तर विरोधी पक्षाचे!" मावशी म्हणाली.

"म्हणून काय झालं?" काका खो खो हसत म्हणाले, आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढून स्ट्रॉबेरीची आणखी एक बशी मागवली.