पाचवा चौकोन

सबंध गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. सातवीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण गाडीच्या रंगाबद्दल कुणी चुकून काही विचारलंच, तर त्याचा अर्धा तास गेला म्हणून समजावं. शेजारचा पंक्चरवाला तर मास्तर येताना दिसले की उगाचच एखादं चाक उघडून त्यात तोंड घालायचा. आणि मास्तरांची बायको, जन्मात कुणाला काही शिकवलं नसताना, फुकटात मास्तरीणबाई झाली होती.

गाड्यांना पॉलिश करायच्या त्या दुकानात दोघंच. मास्तर पॉलिशचं मशीन फिरवायचे, ती मागून पुसत यायची. बावीस वर्षं हीच वाटणी. मशीन तिलाही येत होतं, मास्तरांनीच हौसेनं शिकवलेलं. मशीनच्या पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब घ्यायचे, मशीन हळू चालवून ते पत्र्यावर पसरायचे, मग वेग वाढवून घोटायचं आणि पॉलिश पातळ, पारदर्शक झालं की मशीन उचलायचं. मागे नुसता एक पापुद्रा उरतो. फडकं एकदा फिरवलं की तोही गेला. "चारच थेंब," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे, "पाचवा थेंब आळशी माणसाचा." म्हणजे काय ते कुणालाच कळलं नव्हतं, पण ते इतक्या ठसक्यात म्हणायचे की विचारायची छाती होत नसे.

पुसणारी ती असल्यामुळे चिकटा पहिल्यांदा जाणवला तो तिच्या हाताला. घसरत जाणारं फडकं मध्येच अडायला लागलं. पत्र्यावर पांढुरकं, ओशट काहीतरी राहायचं. इकडून पुसलं की तिकडे जायचं, तिकडून पुसलं की परत इकडे. ती स्पिरिटचं पाणी मारून, जोर लावून ते काढायची आणि गप्प बसायची. आधी तिनं फडक्यांना दोष दिला. ती वेगळी धुतली, वेगळी वाळवली. मग उन्हाला दिला, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं. दाराला जाड पडदा लावला. मग पॅड ब्रशनं घासून पाहिलं, तर आतून पिठाच्या गोळ्यांसारखं पॉलिश निघालं. इतकं पॉलिश पॅडमध्ये जातंच कसं, हे तिला कळेना. शेवटी तिची नजर बाटलीवर गेली. महिनाभर पुरणारी बाटली नऊ दिवसांत तळाला गेली होती. ते तिनं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

घरीसुद्धा काही गोष्टी ती अशाच पाहत नव्हती. लेक लग्न होऊन दूर गेलेली. मास्तर सकाळी विचारायचे, "लेकीचा फोन आला का गं?" जेवताना विचारायचे. दिवेलागणीला परत. ती दर वेळी सांगायची, "आला होता, खुशाल आहे." बापाचा जीव आहे, अडकतोच, असं ती मनाला समजवायची.

मग दातांच्या डॉक्टरांची काळी गाडी आली. काळा रंग म्हणजे या धंद्यातला चहाडखोर, काही म्हणून पोटात ठेवत नाही. त्यात डॉक्टरांचा जन्म लोकांच्या दातांवरचे डाग शोधण्यात गेलेला. पॉलिश करून नेलेली गाडी तिसऱ्या दिवशी ते परत घेऊन आले. बॉनेटवर दिव्याखाली पांढरे ढग दिसत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातची गाडी अशी कधी नव्हती हो."

मास्तरांचा चेहरा पडला. तो तिला पाहवेना, आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "पॉलिशच खराब आलंय, डॉक्टर. अख्खी खेपच तशी आहे. गाडी ठेवून जा, आम्ही नीट करून देतो."

मास्तरांना ते लगेच पटलं. त्यांनी पॉलिशवाल्याला फोन लावून असा फैलावर घेतला की पंक्चरवाला चाक सोडून बाहेर आला. पॉलिशवाला बिचारा म्हातारा माणूस. संध्याकाळी स्वतः नव्या बाटल्या घेऊन आला आणि हात जोडून माफी मागून गेला. तिनं त्याला दोनदा चहा दिला. नजर मात्र एकदाही दिली नाही.

नव्या बाटलीनंही तोच चिकटा आला.

"हे असं अंदाजपंचे चालायचं नाही," मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. भिंतीला टेकवलेलं जुनं काळं बॉनेट त्यांनी दोन स्टुलांवर आडवं टाकलं. तिला मशीन शिकवलं ते याच बॉनेटवर. टेप लावून त्यांनी त्याचे चौकोन पाडले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की चोर कोण ते कळत नाही."

पहिल्या चौकोनाला नवं पॉलिश. त्यांनी मोठ्यानं मोजून थेंब टाकले. "एक, दोन, तीन, चार." मग वायरचा पीळ सोडवला, ती खांद्यावरून मागे टाकली, पॅडकडे पाहिलं आणि बाटली पुन्हा उचलली. "एक, दोन, तीन, चार."

ती हातभर अंतरावर फडकं घेऊन उभी होती. आता तिला पाहिलं नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या चौकोनाला नवं पॅड. तेव्हा तीनदा मोजून झालं. तिसऱ्याला पत्रा ओल्या कापडानं गार केला, चौथ्याला कोरं फडकं काढलं. दर वेळी तेच मोजणं, तितक्याच निष्ठेनं. मास्तरांनी बॅटरीचा झोत तिरपा धरून पाहिलं. चारही चौकोन पांढुरके.

त्यांनी एकेक बोट मिटलं. "पॉलिश नवं. पॅड नवं. पत्रा गार. फडकं कोरं." अंगठा तेवढा उघडा राहिला. त्याच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "मग बदलायचं राहिलं काय?"

मास्तरांनी पॅड स्वच्छ घासलं आणि मशीन तिच्यापुढे धरलं. "पाचवा तू कर."

तिला सगळं समजलं. हा चौकोन स्वच्छ निघाला की चोर सापडला. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येत होती, आणि ती आता आपल्या हातानं काढून घ्यायची होती. तिनं बाटली उपडी केली. एक, दोन, तीन, चार. थांबली नाही. पाच. सहा.

मास्तरांनी बाटलीवर हात ठेवला.

"चार," ते म्हणाले. "चारच थेंब. मी शिकवलंय तुला."

तिनं बाटली सरळ करून खाली ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस झाले."

"आणि त्या म्हाताऱ्याला मी वाट्टेल ते बोललो. बोलू दिलंस मला!"

"मग काय सांगायचं होतं मी तुम्हाला?" ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. बावीस वर्षं दुकानात ती कधी रडली नव्हती. मास्तर तिच्याजवळ आले, पण त्यांना जवळ घेणंबिणं कधी जमलं नव्हतं. "पत्र्यापासून लांब रड," ते म्हणाले. "खारं पाणी आहे, डाग धरतं." मग त्यांनी पॅड परत घासलं आणि तिच्या हातात दिलं. "नीट कर. माझ्याखातर वाईट करू नकोस."

तिनं चार थेंब घेतले, पसरले, घोटले. पॉलिश पारदर्शक झाल्यावर मशीन उचललं. मास्तरांनी तिच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं, त्याची चौपदरी घडी केली आणि चौकोनावरून एकदा फिरवलं. काळा पत्रा लख्ख निघाला.

"छान," मास्तर म्हणाले. त्यांनी अंगातला एप्रन काढून तिच्या गळ्यात घातला, मागे गाठ मारून दिली. ती जरा घट्टच बसली. "आता मशीन तुझं. मी पुसत जाईन. पुसण्यात काय बिघडतंय?"

त्याच दुपारी डॉक्टरांची गाडी कामाला घेतली. तिनं बॉनेट घोटलं, मास्तरांनी मागून पुसलं. फडकं कुठेच अडलं नाही. ती डाव्या दाराकडे वळली. मशीनच्या आवाजातून मास्तर काहीतरी म्हणाले, म्हणून तिनं बटण बंद केलं. ते बॉनेटपाशीच होते. त्यावर एक ठिपका नव्हता. फडक्याची घडी उलटून ते तिच्याकडे पाहत होते.

"हे पुसायचं राहिलंय ना गं?"

याआधी दोनदा पुसून झालं होतं.

"हो," ती म्हणाली. "राहिलंय."