आधी पडला, मग दगड

२२ जुलै १९८६, मंगळवार. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी देवीदास कळंबेला नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशनसाठी आत नेलं. वय एकोणचाळीस, राहणार पांढुर्णा, तिगावच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा. छातीखालचं अंग बधिर होऊन तो बाजेला खिळला, त्याला एकवीस दिवस झाले होते. बाहेरच्या बाकावर दोघं बसली होती : त्याची बायको पुष्पा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा, मंगलाचा, नवरा दिलीप बोडखे. दिलीप सौंसरला शाळामास्तर. मूळ घर मात्र सावरगावचं, म्हणजे पांढुर्ण्याच्या समोरचं, जाम नदीच्या पलीकडचं.

ते मूळ घर पलीकडे होतं, तिथूनच हे सगळं सुरू झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळवायला दोन्ही गावं दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारतात. सोयरीक नदीच्या आरपार असल्यामुळे साळा या काठावर आणि जावई त्या काठावर, हे नेहमीचंच. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. एक रीत तेवढी सगळे पाळतात. कोणाचा दगड कोणाला लागला हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. जखमेला चंडीमातेची राख लावायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं.

दिलीपने ही रीत मोडली.

१९८५च्या गोटमारीत दुपारी तीनच्या सुमारास त्याने फेकलेला दगड गुडघाभर पाण्यातल्या देवीदासच्या पाठीत बसला. आपलाच दगड, याबद्दल त्याला शंका नव्हती. संध्याकाळी तो सासरी गेला आणि सगळ्यांसमोर त्याने ते कबूल केलं.

देवीदास हसला. "तुमचा दगड असता तर मले गुदगुल्या झाल्या असत्या, जवाईबुवा. खडू फेकणारा हात तुमचा."

"हसू नका, भाऊ. माझाच होता."

"असू द्या ना मंग. सांगून कायले राहिले?"

मंगला नवऱ्याकडे पाहत राहिली. भावाच्या घरी असं काही बोलायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं.

दिवाळीपर्यंत देवीदासची पाठ दुखत राहिली. आडवं झालं की जास्त दुखायची, उठून बसलं की कमी. मग छातीभोवती कोणी दोर आवळल्यासारखं होऊ लागलं. घरात कोणी कारण शोधायला गेलं नाही, कारण ते ठरलेलं होतं. जावयाने तोंडाने सांगितलं होतं. दिलीपनेही ठरवलं, मार आपण दिला तर इलाजही आपणच करायचा. तो देवीदासला बसने सौंसरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? देवीदासने तोंड उघडायच्या आत दिलीपने उत्तर दिलं, "गोटमारीत दगड लागला." एक्सरे काढला. हाडं शाबूत होती. मुका मार, डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या दिल्या.

मग दिलीपने भैय्याजींना गाठलं. भैय्याजी सौंसरचे नावाजलेले हाडवैद्य. निखळलेले खांदे बसवावेत तर त्यांनीच. त्यांनी तेल चोळलं, विटेने शेक दिला. शेकाने दोन-तीन दिवस बरं वाटायचं. तेवढ्यावर दिलीपची आशा महिनाभर टिकायची.

फाल्गुनात भैय्याजींनी त्याला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं.

"मास्तर, हाड बरोबर आहे. शीरही बरोबर आहे. पाय मात्र लाकडासारखे कडक होऊन राहिले. हे माझ्या हातचं नाही. नागपूरले न्या."

"मार जुना झाला असंल, भैय्याजी. अजून थोडे दिवस करून पाहा."

"मी चोळीन हो. माझं काय जाते?"

ते चोळत राहिले. चैत्रात देवीदासने काठी धरली. ज्येष्ठात लघवी अडू लागली. जुलैच्या एक तारखेला तो उठायला गेला आणि पाय आलेच नाहीत. तेव्हा कुठे नागपूर.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या कंबरेतून पाठीच्या कण्यात औषध सोडलं आणि टेबल तिरपं करून एक्सरे काढले. ते औषध एक्सरेत पांढरं दिसतं. कंबरेपासून वर चढत गेलेली पांढरी रेघ पाठीच्या मध्यावर थांबली होती. तिचं टोक वाटीसारखं खोलगट होतं.

"इथं गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "मणक्यांची ही नळी हाडाची असते. तिच्यातून मेंदूकडून येणारी दोरी जाते, पाय त्या दोरीच्या हुकमाने चालतात. गाठ वाढली की हाड सरकत नाही, दोरीच चेपते. साध्या एक्सरेत हाड दिसतं, गाठ दिसत नाही."

"दगडामुळे झाली?" दिलीपने विचारलं.

"दगडाने अशी गाठ होत नाही. ही हळूहळू वाढते. दोन वर्षांची असेल, जास्तही असेल." ते पुष्पाकडे वळले. "त्या दगडाच्या आधीचं सांगा. चालताना चप्पल निसटायची का?"

पुष्पाने आठवून सांगितलं, "त्या सालच्या अखाजीपासून, वैशाखातच. ढिली झाली असंल म्हणून दोनदा मोच्याकडे देली मी."

"आणि पहिल्यांदा पडले कधी?"

पुष्पाला आठवेना. दिलीपला आठवलं. आधी ते आठवलं नव्हतं असं नाही; त्याकडे त्याने पाहिलं नव्हतं. नदीत देवीदास वाकला नव्हता, घसरला नव्हता. त्याचा डावा पाय आपोआप दुमडला आणि तो हातांवर पडला. दगड त्यानंतर येऊन लागला. दिलीपने दहा महिने हे उलट सांगितलं होतं.

"नदीत," तो म्हणाला. "आधी पडले. मंग दगड लागला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. फाल्गुनात आणलं असतं तर, असं दिलीपने विचारलं. ते म्हणाले, "चालत आलेला पेशंट बहुतेक चालत परत जातो. उचलून आणलेल्याचं मला सांगता येत नाही. गाठ मी काढीन."

ऑपरेशन चार तास चाललं. एक वाजून पस्तीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. मणक्यांची मागची हाडं काढून आवरण उघडलं होतं. गाठ एका नसेच्या वेष्टणातून फुटलेली होती. दोरीला चिकटलेली नव्हती, सबंध निघाली. बाटलीत ती भुईमुगाच्या शेंगेएवढी दिसत होती. पुढे तपासणीचा कागद आला. कॅन्सर नाही.

पाचव्या दिवशी पुष्पा चहा आणायला गेली असताना दिलीपने देवीदासला सगळं सांगितलं : नदीतला क्रम, सौंसरच्या डॉक्टरांना दिलेलं उत्तर, आणि भैय्याजी काय म्हणाले होते तेही.

देवीदास छताकडे पाहत होता.

"म्हणजे पडलेल्याले मारला तुम्ही," तो म्हणाला. "मंग त्यात नेम कायचा?"

दिलीप हसला नाही. देवीदासही हसला नाही. त्याने विचारलं, "फाल्गुनात मी चालत होतो ना?"

"हो. काठीबिगर."

देवीदासने मान भिंतीकडे वळवली. पुष्पा चहा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, नको.

१२ ऑगस्टला त्याला पांढुर्ण्याला घरी आणलं. मंगला माहेरी राहायला गेली. अंगणात छातीच्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले, त्यांना धरून उभं राहायचा सराव करायचा म्हणून. दिलीप दर शनिवारी सौंसरहून येतो आणि मेहुण्याचे पाय डॉक्टरांनी दाखवलं तसे वाकवतो, सरळ करतो. देवीदास त्याला बोलू देतो. स्वतः कामापुरतं बोलतो. जवाईबुवा म्हणत नाही, मास्तर म्हणतो.

३० ऑगस्टला, शनिवारी, सकाळी सव्वाआठला उजव्या पायाचा अंगठा हलला. ते पुष्पाने पाहिलं आणि मंगलानेही. डावा पाय अजून हललेला नाही. नागपूरची पुढची तपासणी पोळा झाल्यावर आहे.