आभाळावर झाकण

ढगोबांना आभाळावरून चालायची सवय होती. पायात जाड मोजे आणि हातात लांब दांड्याचा ब्रश घेऊन ते गोदामाच्या जमिनीवर अंथरलेल्या कापडावरून हिंडत, आणि ते जिथून जात तिथे त्यांच्यामागे हळूहळू ढग उमटत. नाटकाचे पडदे रंगवणं हा त्यांचा धंदा. राजवाडे, जंगलं, नदीकाठ, सगळं त्यांच्या हातून झालं होतं, पण नाव पडलं ते ढगांवरून. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

या खेपेचं आभाळ संध्याकाळचं होतं. नाटकाच्या शेवटच्या अंकात एक म्हातारी गच्चीवर नुसती बसून राहते. कुणी काही बोलत नाही, तिच्यामागे फक्त आभाळ असतं. तेवढ्यासाठी ढगोबांनी राखाडीत जांभळा आणि जांभळ्यात नखभर पिवळा कालवून असा रंग केला होता की बघणाऱ्याला वाटावं, आपण काहीतरी विसरलोय, पण काय ते आठवत नाही.

रंग सरसातला होता. सरसाच्या रंगाची एक खोड असते: तो वाळला तरी पाण्याशी नातं तोडत नाही. वाळलेल्या ढगावर एक थेंब पडला की ढगाला शेपूट फुटतं. मागच्या वेळी तेच झालं होतं. पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री दोरीनं करकचून बांधली होती, तरी वाटेत वाऱ्यानं तिचा कोपरा सोडवला आणि पाऊस आत शिरला. रंगमंचावर निळंभोर आभाळ लागलं, तेव्हा त्यातून एक तपकिरी ओघळ थेट नायिकेच्या डोक्यावर आलेला. तिचा रडण्याचा प्रसंग चालू, आणि प्रेक्षक तोंडाला रुमाल लावून हसताहेत.

नाटक कंपनीचे मॅनेजर तसे भले गृहस्थ. पण त्यांनीही हात टेकले. "ढगोबा, तुमच्या हातात जादू आहे, नाही कोण म्हणतंय? पण आता पुन्हा डाग दिसला ना, तर आपण प्रोजेक्टरनं भिंतीवर आभाळ पाडू. त्याला पाऊस लागत नाही."

ढगोबांना भांडता येत नसे. त्यांनी मान डोलावली, घरी आले आणि गप्प झाले. दोन दिवस आमटीत मीठ कमी की जास्त याबद्दल अवाक्षर निघालं नाही, तेव्हा बायकोनं ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय. खोदून खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं.

पिकअप तिची होती. हॉटेलांतल्या चादरी आणि टॉवेल धुवायला आणायचे, धुऊन परत पोचवायचे, हे तिचं काम. ढगोबांना गाडी येत नव्हती. एकदा शिकायला गेले होते, पण समोरच्या काचेतून ते रस्ता सोडून वरच बघत बसत, म्हणून शिकवणाऱ्यानंच त्यांच्यापुढे हात जोडले होते.

"आता ताडपत्रीचं नाव काढू नका," बायको म्हणाली. "हौद्यावर बसवायचं कव्हर मिळतं. हातानं उलगडायचं, हातानं गुंडाळायचं. मोटार नाही, बटण नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही."

"आणि पाणी?"

"आत जात नाही म्हणतात."

"म्हणतात."

"अहो, तुमच्या आभाळाइतक्याच माझ्या चादरीही त्यातून जाणार आहेत. धुतलेल्या चादरी परत धुवायचा मला काही छंद नाही."

कव्हर आलं ते लांबच लांब खोक्यातून. काळ्या जाड कापडाची गुंडाळी, कापडाला आतून आडव्या पट्ट्या, हौद्याच्या दोन्ही काठांवर बसवायच्या दोन लांब ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्या आवळायचे क्लॅम्प, रबर आणि एक चित्रांचा कागद. बायको अंगणात चादरी वाळत घालत होती. ढगोबा म्हणाले, "पट्ट्या मी लावतो. तेवढं कळतं मला."

ते हौद्यात चढले. केबिनला पाठ लावून, हौद्याच्या मागच्या फाळक्याकडे तोंड करून उभे राहिले. समोर अंगण पसरलं होतं, दोरीवर चादरी हलत होत्या, आणि उगाचच त्यांना जरा ऐट वाटली. एका पट्टीवर 'डावी' अशी चिठ्ठी होती, दुसरीवर 'उजवी'. त्यांनी डावी डावीकडे लावली आणि उजवी उजवीकडे. क्लॅम्प पान्यानं आवळले. रबर चिकटवलं. मग दोघांनी मिळून गुंडाळी केबिनच्या बाजूला बसवली आणि कापड फाळक्यापर्यंत उलगडत नेलं. काठावरचं वेल्क्रो तळहातानं दाबत गेले. शेवटी फाळक्याजवळचा खटका बसला, पण खुशीनं नाही. पाहुणा कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकतो तसा बसला.

"पाणी मारून बघू," बायको म्हणाली.

"मी आत झोपतो. थेंब आला की सांगतो."

"आत? गुदमराल."

"पडद्यामागे जन्म गेला माझा. मी कुठला गुदमरतोय!"

ते आडवे झाले आणि वरून झाकण पडलं. आत साबणाचा आणि नव्या रबराचा वास होता. मग पाइपचं पाणी कापडावर पडू लागलं, आणि ढगोबांना वाटलं, आपण एखाद्या मोठ्या ढोलाच्या पोटात आहोत आणि बाहेर कुणीतरी बोटांनी हलकेच ताल धरलाय. डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, अंधार सारखाच होता. थोड्या वेळानं तो सारखा राहिला नाही.

केबिनकडच्या पांढऱ्या पत्र्यावर काहीतरी हलत होतं. आधी वाटलं, डोळ्यांपुढे येतात ते ठिपके असतील. मग ते जमून आलं. ते अंगण होतं. उलटं. वर जमीन, खाली आभाळ, आणि त्या आभाळातून ढग चालले होते. कुणी रंगवलेले नाहीत, कुणी ओढत नाही, आपले आपण. दोरीवरच्या चादरी खालून वर उभ्या होत्या. आणि त्यांची बायको, बोटाएवढी, डोकं खाली आणि पाय वर करून, हातातल्या पाइपातून वरच्या वर चांदणं उधळत होती.

ढगोबांनी मान मागे वळवली. फाळक्याजवळच्या कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढी फट होती. तिच्यातून आलेला उजेडच पत्र्यावर अंगण उमटवत होता, आणि उजेडाबरोबर पाणीही येत होतं. फटीच्या तोंडाशी थेंब धरला की पत्र्यावरचं सगळं अंगण वितळायचं. थेंब गळला की परत जमायचं. आपण इथे कशासाठी झोपलोय हे ते साफ विसरून गेले.

"अहो! झोपलात की काय?" बाहेरून हाक आली. "येतंय का पाणी?"

"अगं, जरा डावीकडे सरक ना."

"कशाला?"

"तू त्या ढगाच्या आड येत्येस."

"कुणाच्या डावीकडे? माझ्या का तुमच्या?"

"हा काय प्रश्न झाला? नटाच्या!"

"इथे नट कोण आहे?"

पाण्याचा आवाज थांबला. ढगोबाही थांबले. आयुष्यभर रंगमंचावर त्यांनी एकच डावी ओळखली होती: पडद्याला पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची डावी. तिकडे सगळेच ती मानतात. 'डावीकडचं झाड पुढे घ्या' म्हटलं की कुणी विचारत नाही कुणाची.

"अहो," बायको फटीपाशी तोंड आणून म्हणाली, आणि पत्र्यावरचं जग एकदम काळं झालं, "डावी पट्टी लावताना तोंड कुठे होतं तुमचं?"

"फाळक्याकडे."

"देवा! ड्रायव्हरची डावी असते हो गाडीला. गाडी पुढे जाते, का प्रेक्षकांकडे जाते?"

तिनं चित्रांचा कागद आणून फटीसमोर धरला, जणू त्यांना आतून वाचता येणार होता. गुंडाळी बसायची खाच केबिनकडे यायला हवी होती, ती फाळक्याकडे आली होती. तिथेच ती फट. पट्ट्या अदलाबदल करायच्या, की झालं काम.

"बाहेर या आता."

"तूच आत ये आधी."

"मी?"

"एकदा बघ. मग काय ते कर."

ती कुरकुरत खटका काढून आत शिरली, आतला पट्टा ओढून कापड तिनं खाली घेतलं, आणि दोघं शेजारी शेजारी पत्र्यावर पाय टेकून पडली. तिचे हात गार होते. तिला आधी काही दिसेना. "काय बघायचं? अंधार?" मग दिसलं. उलट्या अंगणात वारा आला होता. पांढऱ्या चादरी खालून वर फुगत होत्या आणि त्यांच्या खालून ढग सरकत होते.

"माझ्या चादरी," ती हळूच म्हणाली. "तरंगतायत."

"हं."

"इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही. फक्त डाग बघते मी."

कुठलं वर आणि कुठलं खाली, याची त्या वेळेपुरती कुणाला गरज नव्हती. एक ढग घराच्या छपराला लागला आणि विरून गेला. ढगोबांच्या मनात आलं, ही फट राहू द्यावी. फक्त एवढीशी. मग त्यांना गच्चीवरची म्हातारी आठवली आणि तिच्यामागे फुटणारं तपकिरी शेपूट दिसलं. ते उठून बसले, चाचपडत पाना शोधला, बाहेर आले आणि पहिला क्लॅम्प त्यांनी स्वतःच सैल केला. दुसऱ्यांदा खटका बसला तो टक्कन, हक्कानं. आत झोपून पाहिलं तेव्हा काळोख अगदी पुरा होता. पाण्याचा ताल होता, थेंब मात्र एकही नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी आभाळाच्या कापडाचे तीन पट्टे सैल गुंडाळून हौद्यात ठेवले. कापड उलगडून खटका लावला, आणि बायकोनं गाडी काढली. अर्ध्या वाटेत पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळला. वायपर थकून गेले. ढगोबा प्रत्येक वळणावर मागच्या काचेतून बघत. मागे काळं कापड थरथरत होतं, आणि त्याखाली काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

"बघून काय होणार आहे?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"मग पुढे बघा."

"पुढे बघितलं की मागचं जास्त दिसतं."

नाट्यगृहाच्या मागच्या आवारात पोचेपर्यंत पाऊस ओसरला होता. पडदे ओढणारा दोरीवाला धावतच आला. "चला चला, उघडा! मॅनेजर तासभर माझं डोकं खातायत." आणि त्यानं सरळ खटक्याला हात घातला.

"हात काढा आधी!" बायको अशी ओरडली की दोरीवाल्यानं दोन्ही हात वर केले.

"अहो वहिनी, मी काय दरोडा घालतोय?"

"कापडावर बघा जरा."

आतल्या आडव्या पट्ट्यांच्या मधे मधे कापड किंचित खाली गेलं होतं, आणि त्या उथळ पन्हळींत पाणी साचून राहिलं होतं. तसंच गुंडाळलं असतं तर वाटभर बाहेर थोपवलेला पाऊस त्यानं स्वतःच्या हातानं आत ओतला असता. बायको केबिनमधून काच पुसायचा रबरी वायपर घेऊन आली.

ढगोबा मात्र कापडावर वाकले होते. पाण्यात पावसानंतरचं आभाळ उतरलं होतं, धुतलेलं, कडेला कुठेतरी हिरवट. तो हिरवा त्यांच्या डब्यात कधीच नव्हता. वर हे, खाली त्यांचं, आणि मधे जेमतेम एक कापड. कुठलं जास्त खरं, हे त्यांना ठरवता येईना. आपलं नसावं, असं मात्र वाटून गेलं.

"झालं बघून?" बायकोनं विचारलं. आवाजात घाई नव्हती.

"पुस," ते म्हणाले.

तिनं केबिनच्या बाजूनं सुरुवात करून एकेक पन्हळ रिकामी केली. पाणी काठांवरून झरझर खाली गेलं. मग फडक्यानं कापड टिपलं, वेल्क्रो चरचर सोडवलं आणि दोघांनी गुंडाळी करत करत केबिनपर्यंत नेली. आतला पत्रा कोरडा ठणठणीत होता. ढगोबांनी आभाळाच्या गुंडाळ्यांवर हात फिरवला आणि तसाच ठेवून दिला.

तिन्ही पट्टे एकमेकांना जोडून दोरीवाल्यानं पडदा वर घेतला. मॅनेजर नाकावर चष्मा चढवून आले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेले, वाकले, टाचा उंचावल्या, परत उलटे आले. ढगोबा पंखा बघत असल्यासारखे छताकडे बघत उभे होते. त्यांची बायको मात्र मॅनेजरांच्या मानेकडे टक लावून होती.

"पुढच्या नाटकाला सकाळचं लागेल," मॅनेजर शेवटी म्हणाले. "धुकं असलेलं. जमेल?"

ढगोबांनी मान डोलावली.

मॅनेजर वळले, पण गेले नाहीत. जांभळ्या ढगाच्या खालच्या काठाला त्यांनी एक बोट लावलं, अगदी हलकेच. मग ते बोट, कोरडंच होतं, त्यांनी नकळत पँटला पुसलं.