गोळीबरोबरचं दूध

मी एक स्टीलचा पेला बोलतोय. लखनऊ छावणीतल्या फॅमिली क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या अगदी वरच्या फळीवर, चहाच्या जुन्या गाळणीशेजारी मी पालथा ठेवलेला आहे. खाली भांडी घासल्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो. मला मात्र कुणी हाक मारत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. सांगलीच्या भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने माझ्या पोटावर मशीनने नाव कोरलं, तिथपासूनचं सगळं आठवतं. ‘चि. सौ. कां. मुक्ता हिस मामाकडून.’ लग्नात आलेली बाकीची भांडी हळूहळू कुठे कुठे गेली. मी बेळगाव पाहिलं, जम्मू पाहिलं, आणि मुक्ताचे यजमान सुभेदार शशिकांत जगदाळे यांची बदली झाली तेव्हा काळ्या ट्रंकेत बसून लखनऊला आलो.

मुक्ताजवळ शिलाईचं मशीन होतं. आजूबाजूच्या क्वार्टरमधल्या बायका तिच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायच्या. दुपारभर मशीन चालायचं, माझ्यातलं पाणी पिता पिता ती धागा ओवायची आणि शाळेतून आलेल्या लेकीला, अंतराला, मराठीत काहीबाही विचारायची. अंतरा हिंदीत उत्तर द्यायची. घर आनंदात होतं.

मग मुक्ता मंदावली. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. केस विंचरले की कंगवा भरून जायचा. भर उन्हाळ्यात तिला पंख्याखाली थंडी वाजायची. तपासणी झाली आणि थायरॉईड निघाला.

“सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, असं सांगितलंय,” मुक्ता गोळ्यांची बाटली दाखवत म्हणाली.

“रिकाम्या पोटी गोळी? पित्त खवळेल,” शशिकांत म्हणाले. “दुधाबरोबर घे. दूध म्हणजे काय जेवण आहे का? आणि तुझी कॅल्शियमची गोळी पण त्याच्याबरोबरच घे, म्हणजे विसरायला नको. मी देत जाईन रोज.”

आणि खरंच त्यांनी रोज दिली. कामावर जायच्या आधी, गणवेश घालून, स्वतः दूध तापवून माझ्यात ओतायचे, फुंकर घालून साय बाजूला करायचे, दोन्ही गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायचे. ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे. इतक्या प्रेमाने कुणी मला क्वचितच हातात धरलं असेल.

पण मुक्ता काही उठून बसेना. रिपोर्ट बिघडलेलाच यायचा. डॉक्टर डोस वाढवायचे, ती पुन्हा आडवीच.

शाळेच्या सुट्टीत ती सांगलीला बहिणीकडे राहून आली. मी इथेच होतो, पण ती दारातून आत आली तेव्हाच मला फरक दिसला. डोळ्यांत तेज होतं. आल्या आल्या तिने मशीनवरचं कापड झटकलं. रिपोर्टही चांगला आला. शशिकांतांनी पुन्हा दूध सुरू केलं, आणि दिवाळीपर्यंत ती परत तशीच झाली.

“माहेरी बरी असतेस,” एकदा ते जेवताना म्हणाले. “इथे आलं की झोप येते. काम दिसलं की झोप येते.”

“पप्पा, मम्मा सच में बीमार है,” अंतरा म्हणाली.

“आजारी माणसाचं सोंग वेगळं आणि आजार वेगळा. फौजेत हे चालत नाही.”

मुक्ताच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

हिवाळ्यात तिच्या हातून शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज चुकीचा कापला गेला. भारी कापड होतं. शेजारीण दारात येऊन बोलून गेली. शशिकांतांना ते फार लागलं. पुढच्या रविवारी ते मशीन टेम्पोत घालून आलमबागेच्या बाजारात विकून आले.

“जमत नाही तर धूळ कशाला खायला ठेवायचं?” ते म्हणाले.

मुक्ता त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “सुयांची डबी तरी ठेवलीत का?” ती मशीनच्या खणातच गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून मुक्ता पुन्हा सांगलीला गेली, या वेळी वाढत वाढत गेलेला डोस घेऊन. दोन महिन्यांनी परतली ती वाळलेली, हात थरथरत, छाती धडधडत. अंतराने पाण्याचा हंडा उचलू दिला नाही म्हणून तिच्यावर केवढ्याने ओरडली, आणि ओरडता ओरडताच खाली बसली. तिला दवाखान्यात भरती केलं.

दुसऱ्या सकाळी शशिकांतांनी थर्मासमध्ये दूध भरलं, मला पिशवीत घातलं आणि वॉर्डात आले. बाटलीतून गोळी काढून ते नेहमीप्रमाणे फुंकर घालत होते, तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या.

“रुकिए, सूबेदार साहब. ये दवा अभी बंद है. और दूध से दे रहे हैं?”

“अच्छा, बंद है?” त्यांनी गोळी मागे घेतली. “दूध से ही देता हूँ मॅडम. अपने हाथ से. कॅल्शियम भी साथ में, रोज.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मला तो ऐकवला नाही.

मॅडम स्टुलावर बसल्या. “और बहन के यहाँ?”

“तिथे पाण्याने घ्यायचे,” मुक्ता म्हणाली. मग हिंदीत, “पानी से. कॅल्शियम वहाँ नहीं लेती थी.”

मॅडमनी सावकाश समजावलं. दूध आणि कॅल्शियम त्या गोळीला पोटातच अडवून धरतात, ती रक्तात पुरती उतरतच नाही. “हमें लगा डोस कम पड़ रहा है, बढ़ाते गए. वहाँ पानी से ली, तो वही बड़ा डोस पूरा लग गया.”

शशिकांत उभेच होते. मी त्यांच्या हातात होतो. दुधावर साय धरली तरी त्यांना मला खाली ठेवायचं सुचेना. मुक्ता त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. काहीतरी मोजून संपल्यावर माणूस बघतो, तसं.

“म्हणजे मी आळशी नव्हते,” ती म्हणाली.

आता ती आपली गोळी आपण घेते, काचेच्या ग्लासातल्या पाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारी. डोस नव्याने, बेताने सुरू झाला. मागच्या तपासणीत आकडा जागेवर आला. अंतरा आईला मोबाइलवरचा रिपोर्ट वाचून दाखवत होती तेव्हा शशिकांत दाराशी उभे राहून ऐकत होते, परक्या घरात आल्यासारखे.

दर रविवारी ते मशीन शोधायला आलमबागेत जातात. मशीन घेणाऱ्या माणसाने ते पुढे कुणाला तरी दिलं, त्यानेही आणखी कुणाला. परवाही रिकाम्या हातांनी आले. नवीन घेऊया, म्हणाले.

“घेऊ,” मुक्ता म्हणाली. “पाय दुखत असतील, बसा. पण ‘जाऊ दे, झालं ते झालं’ असं मी म्हणावं म्हणून बसू नका. मला अजून ते म्हणता येत नाही.”

ते बसले.

मला त्यांनीच इथे वर ठेवलं, माझ्याकडे बघवत नाही म्हणून. वाचकहो, माझं पोट आतून लख्ख आहे, दुधाचा डागसुद्धा नाही. पेल्याचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. मुक्ताने अजून त्यांना ‘जाऊ दे’ म्हटलेलं नाही. त्यांच्या आधी मला कशी माफी मिळेल?