चार नंबरची पट्टी

गंज फक्त भोकाभोवती होता. बोटभर रुंद, तळहाताएवढी लांब पोलादी पट्टी. वरच्या टोकाला दोरा ओवायला पाडलेलं भोक. आणि त्या भोकाच्या काठाला, दोरा घासत होता तेवढ्याच जागेत, नारिंगी कडं. बाकीची पट्टी गेली तशीच परत आली होती. राखाडी, किंचित मंद चमकणारी. कोपऱ्यात ठोकलेला चारचा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

तिने पट्टी खिडकीजवळ नेली, तिरपी धरली, पुन्हा सरळ केली. ही पट्टी समुद्राकाठच्या एका घराच्या वळचणीला सबंध हिवाळाभर टांगलेली होती. असं व्हायला नको होतं.

"काय म्हणतोय समुद्र?" पलीकडच्या टेबलावरून रंग तपासणाऱ्या मैत्रिणीने विचारलं.

"खोटं बोलतोय."

पूल खात्याच्या या प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी केली होती आणि ती आता थोड्याच आठवड्यांत संपणार होती. काम साधं होतं. अशा पट्ट्या धुऊन, वजन करून पुलांखाली टांगायच्या, काही महिन्यांनी काढून आणायच्या, आम्लात बुडवून गंज उतरवायचा आणि उरलेल्या पोलादाचं वजन करायचं. हवेने किती खाल्लं ते कळतं. गेली दोन वर्षं ती त्याच पट्ट्या, स्वतःच्या खर्चाने कापून घेतलेल्या, दूरच्या गरम गावांतल्या रिकाम्या घरांवर टांगवून घेत होती. निवृत्त झाल्यावर कुठे राहायचं ते ठरवायला.

नवऱ्याच्या छातीला ऊब हवी होती आणि तिच्या जुन्या, हाताने दुरुस्त केलेल्या गाडीला कोरडी हवा. भानगड एवढीच होती. आतल्या पठारावरची गावं गरम होती, कोरडी होती, गाडीसाठी तर उत्तम होती. पण तिथे धूळ होती. आठवडाभर राहू म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याला आधार देत गाडीत चढवून परत आणावं लागलं. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं: ऊब, दमट हवा, धूळ नको. म्हणजे समुद्र. आणि समुद्र म्हणजे मीठ.

मग ती समुद्राकाठची घरं शोधू लागली. टेकडीआडचं, उंचावरचं, वाऱ्याकडे पाठ असलेलं. चार नंबरचं घर वरच्या आळीत होतं. मालक जहाजावरचा निवृत्त आचारी, बोलायला मोकळा. पण त्यालाही आता दम राहिला नव्हता. आज संध्याकाळी फोन करतो, हो किंवा नाही सांगा, नाहीतर दुसऱ्याला होकार देतो, असं त्याने कळवलं होतं.

तिने ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब पट्टीवर सोडला. धुतलेल्या पोलादावर पाणी पसरतं. हा थेंब पसरला नाही. मोत्यासारखा गोल होऊन बसला. तिने पट्टी बोटाने चोळली आणि बोट नाकाशी नेलं.

ओल्या मेंढीचा वास. मागून थोडं मेण.

हा वास तिला पाठ होता. लोकरीच्या चरबीपासून केलेला हा घट्ट लेप ती दर शरद ऋतूत गाडीच्या दारांना आतून ब्रशने लावायची. त्याचा डबा तिच्या गॅरेजमध्ये होता. आचाऱ्याकडे तो असण्याचं कारण नव्हतं. पट्ट्या तिने स्वतः धुतल्या होत्या, स्वतः कागदात गुंडाळल्या होत्या. पाकीट तेवढं पोस्टात टाकायला नवऱ्याने नेलं होतं. रिकामा माणूस, तेवढंच फिरणं होईल म्हणाला होता.

*

घरी आल्यावर ती आत गेली नाही. मागच्या अंगणातून, बर्फ खरवडून काढलेल्या वाटेने सरळ गॅरेजकडे गेली.

गाडी चादरीखाली होती. फिक्या हिरव्या रंगाची, तिच्याहून चार वर्षांनी लहान. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात ती सापडली तेव्हा तिच्या तळातून झाड वर आलं होतं. झाड कापण्यापासून सगळं तिने स्वतः केलं. वेल्डिंग शिकायला संध्याकाळच्या वर्गाला गेली. तिथे सगळी पोरं, आणि ही एकटी चष्मेवाली बाई. नवरा, शाळेत भूगोल शिकवायचा, सगळे त्याला मास्तरच म्हणत, तीही. तो गाडीला 'सवत' म्हणायचा. पाहुण्यांना हमखास गॅरेजमध्ये नेऊन सांगायचा, "लोकांच्या बायकांना सवत असते, आमच्याकडे नवऱ्याला आहे. आणि तिचे लाडही जास्त."

लेपाचा डबा फळीवर होता. तिने झाकण काढलं. ब्रशने घेतलेल्या लेपावर बारीक रेघा राहतात. इथे रेघांच्या मधोमध एक खोल खड्डा होता. जाड बोटाचा.

थिनरचा वास सोसत नाही म्हणून मास्तर गेल्या वर्षापासून स्वयंपाकघराचं दार ओलांडून इकडे येत नसत. तरी ते आले होते. डबा परत ठेवताना तिला त्याच्यामागे एक निळं टोपण दिसलं. श्वासाच्या पंपाचं. शरद ऋतूत सगळं घर उलटंपालटं करून तिने ते शोधलं होतं, आणि मास्तर खुर्चीत बसून तिला पलंगाखाली बघ, उशीखाली बघ, असं सांगत होते.

म्हणजे इथे उभं राहून त्यांना पंप घ्यावा लागला होता.

तिने चादर अर्धी दूर केली, दार उघडून आत बसली आणि दार ओढून घेतलं. जड, मऊ आवाज झाला. हा आवाज नीट यावा म्हणून तिने बिजागरी कितीदा काढून बसवली होती. उंबऱ्याचा पत्रा, तिने घातलेला, तिच्या पायाशी होता. लेप नसता तर चार नंबरची पट्टी कशी परत आली असती, हे तिला मोजल्याशिवाय माहीत होतं. पट्टी पाठवण्याआधीही माहीत होतं.

*

स्वयंपाकघरात मास्तर फोनचा स्पीकर लावून धाकट्या बहिणीशी बोलत होते. बोलत होती खरं तर बहीणच.

"वहिनी आली वाटतं. दार वाजलं. वहिनी, काय झालं तुमच्या त्या टांगाटांगीचं?"

"आली पट्टी," ती म्हणाली.

"एक विचारू का? रागावू नकोस. समुद्राकाठी लोखंड गंजतं, हे बघायला प्रयोगशाळा लागते?"

"अगं, ठेव आता फोन," मास्तर म्हणाले.

"ठेवते. पण दादा, तुझा आवाज कसा झालाय बघ. पिशवीतून बोलल्यासारखा. वहिनी, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

फोन बंद झाला. मास्तरांनी तिच्यासाठी चहा झाकून ठेवला होता. दोन उशा पाठीशी घेऊन ते टेबलापाशी बसले होते. हल्ली झोपणंही तसंच, बसून.

"मग?" त्यांनी विचारलं. "चार नंबर पास का?"

"पैकीच्या पैकी."

त्यांचा चेहरा उजळला. तिने खिशातून निळं टोपण काढून टेबलावर ठेवलं, त्याशेजारी पट्टी ठेवली. मास्तर दोन्हींकडे बघत राहिले.

"कॉपी पकडली वाटतं."

"भोकात बोट गेलं नाही तुमचं."

"जाड आहे ना बोट." त्यांनी ते बोट वर करून पाहिलं. "जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या. स्वतः करायची वेळ आली तर एवढीशी जमली नाही."

ती हसली नाही. "पाकीट मी चिकटवलं होतं."

"पोस्टात चिकटपट्टी ठेवलेली असते. फुकट."

"मास्तर."

"बोल."

"मी या कामात एकदाही आकडा हलवलेला नाही. पुलाचे ठेकेदार घरी येऊन बसले तेव्हाही नाही. आणि तुम्ही माझ्याच डब्यातला लेप माझ्याच पट्टीला लावलात." तिचा आवाज चढला नव्हता, पण कपाचा कान ती घट्ट धरून होती. "नुसतं सांगायचं होतं. जाऊ या, एवढंच म्हणायचं."

"तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

मोठं वाक्य बोलायचं असलं की मास्तरांना आधी हवा जमवावी लागे.

"मग मी तिथे खिडकीत बसून बरा होत गेलो असतो. आणि तू रोज खाली जाऊन सवतीच्या दारांवरून बोट फिरवून बघितलं असतंस. येऊन मला काही बोलली नसतीस. तू बोलत नाहीसच. मला ते बघवलं नसतं." पुन्हा हवा जमवून ते म्हणाले, "म्हटलं, पट्टीच सांगेल. पट्टीचं तू ऐकतेस."

"आणि तिथे गेल्यावर ती खरंच गंजायला लागली असती तेव्हा?"

त्यांनी टोपण उचललं, खिशातल्या पंपाला लावून पाहिलं. बरोबर बसलं.

"तोवर एक हिवाळा निघाला असता," ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी फुटपाथवर फावड्याने बर्फ ओढत होतं. रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी गेली, तिचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरून गेला. इथेही मीठच होतं. म्हणून तर सवत अर्धं वर्ष चादरीखाली असायची. ही गोष्ट तिने कित्येक वर्षं वेगळी ठेवली होती, त्या मिठात आणि या मिठात फरक असल्यासारखी.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नेहमीचंच."

"मी बरोबर नव्हते तेव्हा काय म्हणाले, ते विचारतेय. परवा तुम्ही एकटे गेला होतात. टॅक्सीवाला मला भेटला."

"चुगलखोर आहे तो." मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला, त्याचा खोकला झाला. तो बराच वेळ चालला. ती उठून त्यांच्या पाठीशी उभी राहिली. हात ठेवला नाही. खोकताना हात ठेवलेला त्यांना आवडत नसे. "मी विचारलं, इथे अजून एक हिवाळा काढला तर? ते काही म्हणालेच नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी पट्टी यायची होती ना."

ते टेबलाचा आधार घेऊन उठले. पडतो जरा, म्हणाले. ती बरोबर निघाली तसं त्यांनी हातानेच नको म्हटलं. जिन्याच्या मधल्या वळणावर तिने हिवाळ्याच्या सुरुवातीला एक खुर्ची ठेवली होती. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक. ती खाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. श्वास आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज, बाहेर येताना त्याहून लांब. गाडीच्या इंजिनात असा आवाज आला असता तर तिने त्याच दिवशी इंजिन उघडलं असतं.

खुर्ची करकरली. ते बसले होते. अर्ध्यावर.

तिला ती दंतवैद्य बाई आठवली. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दर वेळी यायची, गाडीला हात न लावता भोवती एक फेरी मारायची आणि जाताना म्हणायची, "कधी द्यायची झाली तर पहिला फोन मला हं." दर वेळी तिला त्या बाईचा राग यायचा. हात न लावता बघणारी माणसं गाडी नीट ठेवतात, हेही तिच्या लक्षात आलेलं होतं.

फोन वाजला.

"बाई, बोला." आचाऱ्याचा आवाज मोठा होता, मागे वारा होता. "हो की नाही? दुसरं गिऱ्हाईक सकाळपासून दोनदा येऊन गेलंय. मला माणसं तुमच्यासारखी आवडतात, पट्ट्याबिट्ट्या टांगणारी, पण मीही किती थांबू?"

"थांबू नका," ती म्हणाली. "घर आम्ही घेतो."

वर खुर्ची पुन्हा करकरली.

"वा! बेस. मग एक राहिलं. खालच्या गॅरेजमध्ये माझी होडी आहे, रंगवायला उलटी घालून ठेवलीय. तुमच्या मोटारीला जागा लागेल. पंधरवड्यात दोन माणसं लावून हलवतो, चालेल?"

तिने वर पाहिलं. मास्तर कठड्यावरून वाकून बघत होते. एका हाताने त्यांनी दांडी धरली होती, दुसरा हात तिच्याकडे करून हलवत होते, नको, थांब, बोलू नकोस. बोलायला त्यांच्याकडे हवा नव्हती.

"बाई? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "होडी राहू द्या तिथेच. गाडी येणार नाही."