तोलमणी

नॉर्डनच्या ल्यूथरन चर्चसमोर गाड्या लावायच्या जागेत दोनशे माणसं उभी होती आणि त्यांच्या मधोमध आर्लिन बाक्केन एका पायावर उभा होता. दोनशे म्हणजे गावाचा तिसरा हिस्सा. इतकी गर्दी त्या चर्चनं नाताळातही पाहिली नव्हती.

"हात पसरा, भाऊ. उजवा पाय वर," गावोगाव फिरणारा उपदेशक बंधू डेल्मर म्हणाला. "आता मी फक्त दोन बोटं लावणार."

त्यानं आर्लिनच्या उजव्या हातावर दोन बोटं टेकवली आणि आर्लिन बाजूला कोलमडला. लोकांनी त्याला धरलं. मग डेल्मरनं त्याच्या गळ्यात दोरीत ओवलेला एक करडा गोटा घातला, पुन्हा तसंच उभं केलं आणि हातावर इतका जोर दिला की डेल्मरच्याच कपाळाची शीर फुगली. आर्लिन खांबासारखा उभा.

गर्दीतून 'हं' असा लांब आवाज आला. आयोवातली माणसं भारावून गेली की एवढंच बोलतात.

मार्लिस बाक्केन मागच्या रांगेत होती. ती आर्लिनची धाकटी बहीण आणि पाच गावांची गुरांची डॉक्टर. एका अडलेल्या गाईला मोकळी करून ती थेट गोठ्यातून आली होती, त्यामुळे तिच्या आजूबाजूला आपोआप जागा झाली होती.

"मंडळी," डेल्मर सांगत होता, "आपल्या कानात एक द्रव असतो. हे मी नाही, डॉक्टर लोक सांगतात. पण तो द्रव कुणाचं ऐकतो, हे ते सांगत नाहीत. सायकलवर बसून तुम्ही घटाघटा पाणी पिता. पोटात पाणी डुचमळतं. पोटातलं डुचमळलं की कानातलं डुचमळतं. सख्खं नातं आहे त्यांचं. आणि मग येते चक्कर. हा तोलमणी कानातलं पाणी स्थिर ठेवतो. फक्त एक पथ्य पाळा. सायकलवर असताना तासाला एक घोट. त्याहून जास्त प्यायलात तर मण्याचा दोष नाही."

कोलोरॅडोच्या डोंगरात सायकलवरून पडून डेल्मर म्हणे सात मिनिटं मेला होता आणि परत आला तेव्हा हा दगड त्याच्या मुठीत होता. एका दगडाचे आता तीन खोकी दगड कसे झाले, हे कुणी विचारलं नाही. मण्याला किंमत नव्हती, स्वखुशीची देणगी होती. स्वखुशी पन्नास डॉलरच्या खाली मात्र येत नव्हती.

गावाला हा मणी हवा होता, त्याला कारण होतं. दर जुलैत नॉर्डनची चाळीसेक माणसं सायकलवरून मिसिसिपी नदीपर्यंत जायची. सत्तर मैल, सगळं उन्हातनं. हॅरिएट लुंडे नावाची बहात्तर वर्षांची बाई ही सफर चालवायची आणि ती स्वतः कधी मागे राहिली नव्हती. आर्लिन मात्र सलग तीन वर्षं चाळिसाव्या मैलाच्या आसपास चक्कर येऊन थांबला होता. धान्याच्या कोठारावर सगळे त्याला "भोवरा" म्हणायला लागले होते. तो हसायचा, पण एकसष्टाव्या वर्षी असं नाव कुणाला आवडतं?

दोन दिवसांनी मार्लिस त्याच्याकडे कॉफीला गेली. मणी गळ्यातच होता.

"काल पंधरा मैल मारून आलो," आर्लिन म्हणाला. "चक्कर नाही."

"पंधरा मैलांत तुला आधी कधी आली होती?"

"नाही."

"मग?"

"आता तर अजिबातच नाही आली."

मार्लिसनं कप खाली ठेवला. "आर्लिन, जुलैच्या उन्हात तासाला एक घोट? मी गाईला असं ठेवलं तर शेतकरी माझ्यावर बंदूक काढेल."

"मी गाय नाही."

"गाय शहाणी. तिला कुणी सांगितलं तरी ती पाणी प्यायची थांबत नाही. तू माणसांच्या डॉक्टरकडे जा. रक्तदाबाची गोळी घेतोस ना? चक्कर येते हे त्यांना सांगितलंयस?"

आर्लिन उठून खिडकीशी गेला.

"बाबांचं आठवतं ना तुला?" तो म्हणाला. "तो सगळा उन्हाळा ट्रॅक्टरवर चक्कर येत होती त्यांना. मग एक दिवस गोठ्यात त्यांचं हृदयच... तू कॉलेजात होतीस. मी होतो तिथे. डॉक्टर मला काय सांगेल ते मला माहीत आहे, मार्ली. हा दगड काही सांगत नाही. म्हणून बरा वाटतो."

मार्लिसनं डॉक्टरचा विषय तिथेच सोडला, आणि पुढे तिला त्याचाच पश्चात्ताप झाला.

शनिवारी सफर निघाली. सामान घेऊन मागून मार्लिसचा पिकअप. एकेचाळीस गळ्यांत एकोणतीस मणी होते. दहा वाजेपर्यंत रस्त्याचं डांबर टायरला चिकटू लागलं. दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे वारा नावाला नव्हता.

अडतिसाव्या मैलावर पुढे चाललेल्या आर्लिनचं चाक लटपटलं. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि मग अगदी सावकाश, ठरवून केल्यासारखा, सायकलसकट रस्त्याकडेच्या गटारात उतरला.

मार्लिस पोचली तेव्हा तो गवतात उताणा पडला होता. ओठ पांढरे, नाडी पळत होती. सायकलची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"आर्लिन, मी कोण?"

"बाबांना सांग," तो म्हणाला, "गोठ्यात जाऊ नका म्हणावं."

मागून आलेल्या दोघांच्या मदतीनं तिनं त्याला पिकअपमध्ये आडवं केलं, अंगावर ओले टॉवेल टाकले आणि दोन मैलांवरच्या थांब्यावर गाडी नेली. तिथे बागेत मदत-पथक होतं. त्यांनी सावलीत बाकावर निजवून, पाय वर करून सलाइन लावलं. रक्तदाब फार खाली गेला होता. अर्ध्या तासानं आर्लिननं वार बरोबर सांगितला आणि सायकल कुठे आहे ते विचारलं.

तोवर बाकीचे पोचले होते. आणखी तिघं झाडाखाली डोकं धरून बसली होती. आपल्या व्हॅनमधून पुढे येऊन थांबलेला बंधू डेल्मर बाकाशी आला. त्याच्या हातात बर्फ घातलेल्या लिंबूपाण्याचा मोठा ग्लास होता.

"भाऊ, खरं सांगा. एका तासात एकाहून जास्त घोट घेतलात?"

आर्लिन प्रामाणिक माणूस. "तिसऱ्या तासाला," तो म्हणाला. "दोन घेतले."

"बघा," डेल्मर लोकांकडे वळून म्हणाला. आणि लोकांनी माना हलवल्या.

त्या माना हललेल्या पाहून मार्लिसला जो राग आला तो थंड होता. तिनं पिकअपमधून गाईच्या कानाला मारायचा एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला आणला. त्यावर २१४ असा आकडा होता.

"हॅरिएट, इकडे या जरा. डावा पाय जमिनीवर, उजवा वर. हात पसरा."

"या वयात?" हॅरिएट म्हणाली, पण उभी राहिली.

मार्लिसनं दोन बोटं लावली. हॅरिएट कोलमडली. मग मार्लिसनं तो बिल्ला सुतळीत ओवून तिच्या गळ्यात घातला आणि डेल्मरसारखाच आवाज काढून म्हणाली, "बाई, या बिल्ल्यात दोनशे चौदा नंबरच्या गाईचा तोल आहे. ती आजवर एकदाही पडलेली नाही." तिनं पुन्हा हातावर जोर दिला, पुरता अंगाचा भार टाकून. हॅरिएट हलली नाही.

कुणी हसलं नाही. नक्की काय झालं ते लोकांना कळेना.

"आता हळू करते, नीट बघा," मार्लिस म्हणाली. "पहिल्यांदा मी हाताच्या टोकाशी दाबलं, खाली आणि किंचित बाहेर, अंगापासून लांब. एका पायावरचं माणूस त्यानं पडणारच. गळ्यात चर्च बांधलं तरी पडेल. दुसऱ्यांदा कोपराजवळ दाबलं आणि जोर अंगाकडे दिला. तो जोर सरळ टेकलेल्या पायावर जातो, मग दाबा किती दाबायचं ते. शिवाय दुसऱ्या वेळी माणूस सावध असतो, अंग आवळून धरतो. मण्याचं काम एवढंच की तुमची नजर माझ्या बोटांवर जाऊ नये. करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

लोकांनी करून पाहिलं. पाच मिनिटं त्या बागेत पस्तीसेक माणसं घट्ट चड्ड्या घालून एका पायावर उभी राहत होती आणि एकमेकांना पाडत होती. मणी घालून पडली, मण्याशिवाय उभी राहिली, जसं दाबावं तशी.

"पवित्र वस्तूची अशी थट्टा करू नये," डेल्मर म्हणाला.

"थट्टा नको, परीक्षा घेऊ," मार्लिस म्हणाली. "हॅरिएट शर्टाच्या आत कधी मणी घालतील, कधी बिल्ला. दाबणार मी, दर वेळी सारखंच. गळ्यात काय आहे ते तुम्ही सांगायचं. दहा वेळा."

डेल्मरनं घड्याळ पाहिलं. त्याला मिझुरीत कुणाकडे तरी वेळेवर पोचायचं होतं, हे त्याला तेव्हाच आठवलं.

"जा," हॅरिएट म्हणाली. "पण ते लिंबूपाणी ठेवून जा. इथे तहानलेली माणसं आहेत."

तो ग्लास तिनं झाडाखालच्या तिघांना दिला. लोकांनी दोऱ्या सोडल्या, गोटे त्याच्या खोक्यात टाकले आणि आपली देणगी परत मागितली. ही मागणीही स्वखुशीची होती आणि तिच्यातही कुणी पन्नासच्या खाली आलं नाही.

सोमवारी मार्लिस आर्लिनला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं वडिलांची हकिगत ऐकून घेतली, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, गोळ्यांची बाटली उलटी करून नाव वाचलं.

"कधीपासून येते चक्कर?"

"तीन वर्षं झाली."

"आणि या गोळीला?"

आर्लिननं हिशोब केला. "तीन वर्षं."

"ही गोळी अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते. त्यात तुम्ही उन्हात चार-पाच तास घाम गाळता. डोक्याकडे रक्त पोचायचं कसं? गोळी बदलू. पाणी प्या, सोबत खारं काहीतरी खात जा. हृदय ठीक आहे तुमचं."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे ठीक. वडिलांचं जे झालं त्याची काही खूण मला यात दिसत नाही. दर वर्षी बघत राहू." ती लिहिता लिहिता थांबली. "तीन वर्षांत हे कुणा डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

आर्लिननं टोपी हातात फिरवली.

"तीन वर्षं कुणालाच नाही," तो म्हणाला. "मग एका दगडाला."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी तो आपण होऊन उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, म्हणून खुर्चीची पाठ धरून बोलला.

"मला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती आणि भीती वाटणाऱ्याला जो पहिला भेटेल तो खरा वाटतो. पण माझ्या बहिणीनं जे पाच मिनिटांत करून दाखवलं, ते आपल्यापैकी कुणालाही पहिल्याच संध्याकाळी करता आलं असतं. आपण दोनशे जण होतो. एकानं जरी 'बोटं कुठे लावता ते पुन्हा दाखवा' म्हटलं असतं, तर मी गटारात गेलो नसतो. तेव्हा विचारत जा. शेजाऱ्यासमोर विचारायची लाज वाटली तरी विचारा. आणि चक्कर आली तर खाली बसा, पाणी प्या आणि डॉक्टरला सांगा. तपासल्यावर काय निघतं ते तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. मलाही नव्हतं."

एवढं बोलून तो बसला. लोक म्हणाले, "हं."